ब्लँकच निळा पडतोय: सोन्याच्या नॅनोकणांची पाणी-चाचणी फसते तेव्हा काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

सोन्याच्या नॅनोकणांचं लाल द्रावण घ्यायचं, त्यात पाण्याचा नमुना घालायचा, आणि आपण शोधतोय ते रसायन पाण्यात असलं की लालाचा निळा होतो. डोळ्यांना दिसणारा निकाल असल्यामुळे या चाचणीवर पटकन विश्वास बसतो. आणि मग एक दिवस कोणीतरी नळ्यांचा स्टँड घेऊन येतं: "सगळ्याच निळ्या झाल्या. नुसत्या शुद्ध पाण्याचीसुद्धा." हा बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केलाय की आता हात आपोआप त्याच क्रमाने चालतात. तो क्रम इथे लिहिते आहे.

त्याआधी एकच गोष्ट मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. साधारण १३ नॅनोमीटरचे सोन्याचे कण सुटे असतात तेव्हा ते ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून द्रावण लाल दिसतं. कण एकमेकांना चिकटण्याइतके जवळ आले की शोषण ६०० ते ७०० नॅनोमीटरकडे सरकतं आणि द्रावण जांभळं, मग निळं दिसतं. म्हणजे रंग आपल्याला फक्त एवढंच सांगतो की कण जवळ आले. त्यांना जवळ कोणी आणलं हे रंगाला माहीत नसतं. शिसं, पारा, मीठ, आम्ल, साबणाचा अंश, फ्रीजमधला बर्फ, यातल्या कोणामुळेही निळा तोच येतो.

लक्षणं

- ब्लँकसकट (म्हणजे नमुन्याऐवजी नुसतं शुद्ध पाणी घातलेल्या नळीसकट) सगळ्या नळ्या काही मिनिटांत जांभळ्या किंवा निळ्या होतात.
- शुद्ध पाण्याचा ब्लँक लाल राहतो, पण नळाचं, विहिरीचं, नदीचं कुठलंही पाणी घातलं की निळा होतो.
- बाटलीतलं लाल द्रावण हळूहळू करडं पडतं, तळाशी काळा थर बसतो आणि वरचं पाणी जवळजवळ रंगहीन होतं.
- तीच कृती, तोच नमुना, तरी कालचा निकाल आज येत नाही.
- उलटा प्रकार: रसायन मुद्दाम घातलं तरी द्रावण लालच राहतं.

पहिली चार लक्षणं एकाच कुळातली आहेत. पाचव्याकडे शेवटी वळू, कारण ते शांतपणे फसवतं आणि म्हणून जास्त घातक आहे.

आधी नीट बघा

याला काहीच खर्च नाही, तरी लोक ही पायरी गाळतात. नळ्यांच्या मागे पांढरा कागद धरा, दिवसाच्या उजेडात या, आणि शेजारी मूळ द्रावणाची एक नळी ठेवा. पिवळ्या बल्बखाली फिकट जांभळा लाल वाटतो, आणि पातळ केलेला लाल कित्येकांना गुलाबी न वाटता "बिघडलेला" वाटतो. मग नळी हळूच फिरवा. कण मोठे असतील, ४०-५० नॅनोमीटरच्या वरचे, तर काही दिवस ठेवल्यावर ते नुसते खाली बसलेले असू शकतात. फिरवल्यावर लाल परतला तर काहीही बिघडलेलं नाही. निळाच राहिला किंवा काळे ठिपके तरंगताना दिसले तर कण एकमेकांना चिकटलेत. सायट्रेटचं साधं सोनं (ज्याच्या कणांवर फक्त सायट्रेटचं, म्हणजे सायट्रिक आम्लाच्या क्षाराचं, आवरण असतं) एकदा असं निळं पडलं की ते परत लाल होत नाही. हलवून, गरम करून, पाणी घालून वेळ घालवू नका.

घड्याळही बघा. कणांचं गोळा होणं पाच मिनिटांनी थांबत नाही. एकाने पाचव्या मिनिटाला फोटो काढला आणि दुसऱ्याने पंचविसाव्या, तर दोघांचे निकाल जुळणारच नाहीत. "कालचा निकाल आज येत नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

चार नळ्या

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे सापडतं. चार नव्या नळ्या घ्या. प्रत्येकीत सोन्याचं सारखंच द्रावण घाला, समजा ५०० मायक्रोलिटर. पहिलीत तेवढंच शुद्ध पाणी. दुसरीत तेवढाच बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), चाचणीत वापरता तेवढ्याच तीव्रतेचा. तिसरीत बफर आणि बाकीची सगळी अभिकर्मकं (चाचणीत घालायची रसायनं), फक्त शोधायचं रसायन नाही. चौथीत नुसता नमुना, ना बफर ना अभिकर्मक. पाचव्या आणि पंधराव्या मिनिटाला बघा.

पहिलीच निळी झाली तर दोष सोन्यात, शुद्ध पाण्यात किंवा नळीत आहे. दुसरीपासून बिघडलं तर बफर. तिसरीपासून बिघडलं तर कणांवर बसवायचा, शोधायचं रसायन ओळखणारा रेणू किंवा त्याचं प्रमाण चुकलंय. पहिल्या तिघी लाल आणि फक्त चौथी निळी, तर नमुन्यातलं काहीतरी कणांना गोळा करतंय, आणि ते तुम्ही शोधताय तेच असेल असं अजिबात नाही.

या परीक्षेत बफर पकडला गेला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. जैविक कामातून आलेली मंडळी सवयीने फॉस्फेट बफर सलाइन वापरतात. त्यात साधारण १३७ मिलीमोलर मीठ असतं (एक मिलीमोलर म्हणजे लिटरमागे मोलचा हजारावा भाग). उघड्या सायट्रेटच्या कणांना एवढं मीठ सोसत नाही, द्रावण डोळ्यांदेखत निळं होतं. मिसळण्याचा क्रमही महत्त्वाचा असतो. तीव्र बफरचा थेंब थेट सोन्यात टाकला तर तो थेंब विरघळेपर्यंत त्याच्याभोवती मिठाची तीव्रता प्रचंड असते, आणि तेवढ्यात तिथले कण चिकटून मोकळे होतात. आधी नमुना आणि बफर एकत्र करून पातळ करा, मग त्यात सोनं घाला आणि लगेच मिसळा.

बाटली कुठे होती

पहिली नळी निळी झाली असेल तर सोन्याची बाटली कुठे ठेवली होती ते विचारा. सोन्याचं द्रावण ४ अंशांना ठेवायचं असतं, पण गोठू द्यायचं नसतं. फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकलेली बाटली रात्रीतून कडेला गोठते. बर्फ होताना पाण्यातले क्षार आणि कण उरलेल्या थोड्याशा द्रवात कोंडले जातात आणि चिकटतात. सकाळी बर्फ वितळलेला असतो, बाटली निरागस दिसते, फक्त आतला रंग करडा झालेला असतो. अशी बाटली बाजूला काढा, ती सुधारत नाही. सायट्रेटच्या द्रावणात बुरशीही धरते. तळाशी कापसासारखं काही तरंगत असेल तर तेही टाकून द्यायचं.

पीएच, आणि सहा बाटल्यांची गोष्ट

पीएचची पट्टी ही सगळ्यात स्वस्त वस्तू, पण ती काढायचं लोकांना शेवटी सुचतं. मलाही एकदा शेवटीच सुचलं होतं. एक विद्यार्थिनी विहिरींच्या पाण्याच्या सहा बाटल्या घेऊन आली होती. सहाही नमुने सोन्यात पडताक्षणी निळे. तिला वाटलं, सगळ्या विहिरींत शिसं आहे, आणि ती खरोखर घाबरली होती. पण तिने प्रवासात सोबत ठेवलेल्या शुद्ध पाण्याच्या सातव्या बाटलीनेही तेच केलं. शुद्ध पाण्यात शिसं कुठून येणार? आम्ही दोन दिवस सोनं बदललं, नळ्या बदलल्या, बफर नव्याने केला. तिसऱ्या दिवशी मी सातव्या बाटलीत पट्टी बुडवली. ती गर्द लाल झाली.

बाटल्यांत आधीच नायट्रिक आम्ल घातलेलं होतं. धातूंच्या तपासणीसाठी पाणी गोळा करताना ही बरोबर पद्धत आहे. पीएच २ च्या खाली नेला की धातू बाटलीच्या भिंतीला चिकटत नाहीत आणि प्रयोगशाळेतल्या यंत्राला खरा आकडा मिळतो. सायट्रेटच्या सोन्याला मात्र हे आम्ल मारक ठरतं. कण एकमेकांपासून लांब राहतात ते त्यांच्यावरच्या सायट्रेटच्या ऋण भारामुळे. सायट्रिक आम्लाचे तीन पीकेए (ज्या पीएचला आम्लाचा एकेक प्रोटॉन अर्ध्या रेणूंवरून सुटलेला असतो ते आकडे) साधारण ३.१, ४.८ आणि ६.४ आहेत, म्हणजे पीएच खाली जाईल तसा हा भार टप्प्याटप्प्याने पुसला जातो. भार गेला की कण चिकटतात.

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच वर आणायचा. तो करून पाहण्याआधी थांबा. आम्ल शमलं की त्याचं सोडियम नायट्रेट होतं, म्हणजे मीठच. एक लिटर पाण्यात २ मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल घातलं असेल तर शमवल्यावर सुमारे ३० मिलीमोलर क्षार तयार होतो. आम्लाच्या तडाख्यातून सुटलेलं सोनं आता मिठामुळे निळं पडू लागतं. सरळ मार्ग एकच: रंगचाचणीसाठी आम्ल न घातलेली वेगळी बाटली भरायची आणि ती शक्य तितक्या लवकर तपासायची.

पाण्यातले क्षार

फक्त चौथी नळी निळी झाली आणि पीएच ठीक असला, की माझा पहिला संशय क्षारांवर जातो. मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये आपल्या माणिकरंगी सोन्याच्या द्रावणांबद्दल लिहिलं तेव्हाच मिठाने ती निळी पडतात हे नोंदवलं होतं. ते करून बघा, एकदा तरी. नळीत दोन बोटं लाल द्रावण घ्या आणि चिमटीभर मीठ वरून सोडा. खडे खाली जाताना त्यांच्या मागे जांभळ्या रेघा ओढल्या जातात, तळाशी निळा थर जमतो, आणि हळूहळू सगळी नळी त्या रंगात बुडते. पुढे कधी निळा दिसला की "शिसं सापडलं" म्हणण्याआधी ही नळी आठवावी, म्हणून मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ती दाखवते.

कारण असं. कणाभोवतीचा भार किती लांबवर जाणवतो हे पाण्यातल्या आयनांवर ठरतं. एक मिलीमोलर मिठात ही मजल साधारण १० नॅनोमीटर असते, शंभर मिलीमोलरमध्ये जेमतेम १. मजल इतकी आखडली की दोन कण एकमेकांना अडवायच्या आतच चिकटतात. दोन भार असलेले आयन तर याहून कितीतरी जास्त परिणाम करतात. सोडियमला जे करायला काही दहा मिलीमोलर लागतात, ते कॅल्शियम काही मिलीमोलरमध्ये करतो. आणि दुष्फेन, म्हणजे कठीण, पाण्यात तेवढा कॅल्शियम असतोच: कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर कठीणपणा म्हणजे ३ मिलीमोलर. कुठलंही प्रदूषण नसलेलं, नुसतं दुष्फेन पाणी तुमची चाचणी निळी करू शकतं.

खात्री करायची तर खोटा नमुना बनवा. शुद्ध पाण्यात मीठ आणि कॅल्शियम क्लोराइड घालून वाहकता आणि कठीणपणा खऱ्या नमुन्याइतका करा आणि तो तपासा. तोही निळा झाला तर गुन्हेगार सापडला. यावर तीन उपाय आहेत आणि तिन्हींची किंमत मोजावी लागते. नमुना दहापट पातळ केला तर क्षार दहापट कमी होतात, पण शोधायचं रसायनही तेवढंच कमी होतं. ईडीटीए (धातूंचे आयन घट्ट धरणारं रसायन) घातलं तर ते कॅल्शियमला पकडून ठेवतं, पण शिशालाही पकडतं, आणि कॅल्शियमपेक्षा घट्ट. शिसं शोधताना ईडीटीए घालून "पाणी स्वच्छ आहे" असा निकाल काढलेला मी पाहिलाय. तिसरा उपाय मला सगळ्यात भरवशाचा वाटतो: कणांवर असं आवरण बसवायचं जे क्षारांना दाद देत नाही आणि फक्त हव्या त्या आयनालाच ओळखतं. सोन्याला स्वतःला पारा ओळखता येत नाही, ओळखतो तो त्याच्यावर बसवलेला रेणू. थायमिनने भरलेले डीएनएचे तुकडे पाऱ्याचा आयन दोन थायमिनांच्या मध्ये धरून ठेवतात, आणि निवड तिथे होते. तुमच्या कणांवर नुसतं सायट्रेट असेल तर चाचणी कशाचीच खास नाही हे मान्य करून पुढे जा.

काच

साबणाने धुतलेली आणि नळाखाली विसळलेली काच दिसायला लख्ख असते आणि सोन्यासाठी घाण. स्वस्तातली तपासणी म्हणजे तेच द्रावण एका नव्या, न वापरलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत आणि एका तुमच्या काचेच्या नळीत ठेवून तासाभराने बघणं. फरक दिसला तर काच दोषी. आदल्या वेळचं सोनं काचेवर आणि चुंबकीय दांडीवर अदृश्य थरासारखं बसलेलं असतं आणि नव्या द्रावणातले कण त्यावर वाढत जातात. ते काढायला आम्लराज (सोनं विरघळवणारं तीव्र आम्लांचं मिश्रण) लागतं, आणि आम्लराजाबद्दल खाली वेगळं लिहिलंय. तोपर्यंत नव्या नळ्या वापरा. गोल्ड क्लोराइड वजन करताना धातूचा चमचा तर मुळीच नको. ते धातूला खातं आणि तुमच्या द्रावणात चमच्याचं लोखंड उतरतं.

सोनंच चुकीचं बनलं असेल तर

इथवर काहीच सापडलं नाही तर शेवटी कृतीकडे या. आता कष्ट आणि पैसा दोन्ही लागतील. नेहमीची कृती अशी: १ मिलीमोलर गोल्ड क्लोराइडचं १०० मिलिलिटर द्रावण जोरात उकळत ठेवायचं आणि ढवळता ढवळता ३८.८ मिलीमोलर सायट्रेटचं १० मिलिलिटर एकदम ओतायचं. फिकट पिवळा रंग जातो, क्षणभर पाण्यासारखं दिसतं, मग काळपट, जांभळं, आणि काही मिनिटांत गडद लाल. शेवट जांभळ्यावरच अडला तर सायट्रेट कमी पडलं, जुनं होतं, हळूहळू ओतलं गेलं किंवा उकळी मोडली होती. सायट्रेट कमी पडलं की कण मोठे होतात.

स्पेक्ट्रोफोटोमीटर (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला, म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स, मोजणारं यंत्र) मिळाला तर अंदाज संपतो. शिखर ५२० नॅनोमीटरच्या जवळ आणि सुबक हवं. ६५० च्या अ‍ॅब्सॉर्बन्सला ५२० च्याने भागा. ताज्या द्रावणाचं हे गुणोत्तर ०.२ च्या वर गेलं तर मी ते चाचणीला वापरत नाही, डोळ्यांना कितीही लाल दिसलं तरी. चाचणीचा निकालही "निळसर" असा न लिहिता याच गुणोत्तरात लिहा. सेंट्रिफ्यूजने कण धुत असाल तर वेग कमी करून बघा. नळीच्या भिंतीवर सोनेरी पत्रा दिसला की ते कण गेले, ते परत सुटे होत नाहीत.

चांदी वापरत असाल तर

चांदीचे लहान कण पिवळे दिसतात, शिखर ४०० नॅनोमीटरच्या आसपास. त्यांचा रोग वेगळा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्यांना खातो आणि पिवळा नुसता फिका पडत जातो. सल्फाइड असेल तर तपकिरी होतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की मोकळा क्लोरीन बराचसा उडून जातो, क्लोरामाइन मात्र जात नाही. क्लोरीन मारायला थायोसल्फेट घालू नका, ते चांदीलाच विरघळवतं. आणि बाटली अंधारात ठेवा.

लाल राहतंय, पण राहायला नको

आता ते पाचवं लक्षण. तळ्याच्या किंवा नदीच्या पिवळसर पाण्यात कुजलेल्या पानांपासून आलेले ह्युमिक पदार्थ असतात. ते कणांवर चादरीसारखे बसतात आणि कणांना एकमेकांपर्यंत पोहोचूच देत नाहीत. पाण्यात पारा असतो आणि नळी लालच राहते. म्हणून प्रत्येक खऱ्या नमुन्याच्या एका वाट्यात शोधायचं रसायन माहीत असलेल्या मात्रेत मुद्दाम घाला. शुद्ध पाण्यात त्या मात्रेने जेवढा रंग बदलतो तेवढाच इथेही बदलला, तरच या नमुन्याचा "लाल" खरा. नाही बदलला तर त्या पाण्यासाठी ही चाचणी आंधळी आहे आणि तिचा निकाल लिहायचा नाही.

कुठे थांबायचं

पाणी कोणी पिणार असेल तर इथेच थांबा. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या शिशाची मार्गदर्शक मर्यादा १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे, म्हणजे सुमारे ४८ नॅनोमोलर. बऱ्याच साध्या रंगचाचण्यांत डोळ्यांना फरक दिसायला एक मायक्रोमोलरच्या आसपास मात्रा लागते, म्हणजे मर्यादेच्या वीसपट. नळी लाल राहिली म्हणून कोणालाही "प्या" म्हणू नका. निळी झाली म्हणून विहीर बंद करायलाही सांगू नका, पण तपासणी होईपर्यंत पिण्यासाठी दुसरं पाणी वापरायला सांगा. नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या, जिथे अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन किंवा आयसीपी-एमएस, म्हणजे धातूंचं नेमकं प्रमाण मोजणारं यंत्र, आहे. बाटली त्यांच्याकडूनच घ्या, आणि आम्ल घातलंय की नाही हे लेबलवर लिहा.

आम्लराज, म्हणजे तीन भाग तीव्र हायड्रोक्लोरिक आणि एक भाग तीव्र नायट्रिक आम्ल, हे फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट), हातमोजे, चष्मा आणि शिकवलेला माणूस यांच्याशिवाय बनवू नका. ते बंद बाटलीत ठेवलं तर वायूच्या दाबाने बाटली फुटते, आणि अ‍ॅसिटोनसारख्या सेंद्रिय द्रावकाजवळ ते नेणं धोक्याचं. हे सगळं हाताशी नसेल तर काच टाकून नवी घ्या.

चार नळ्यांची परीक्षा दोनदा केली, सोनं दोनदा नव्याने बनवलं आणि तरी ब्लँक निळाच, तर तिसऱ्यांदा बनवू नका. ज्यांच्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप किंवा डीएलएस (प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा आकार मोजणारं यंत्र) आहे त्यांना थोडं द्रावण आणि तुमच्या शुद्ध पाण्याची एक बाटली, दोन्ही पाठवा. पाणीच खराब निघण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त असते. आणि पारा किंवा शिसं घातलेल्या नळ्या सिंकमध्ये ओतू नका. झाकणाच्या एका बाटलीत साठवा, वर आत काय आहे ते लिहा आणि घातक कचरा नेणाऱ्यांच्या हवाली करा.